जिकडे गुरुजी तिकडे पूर्व

“दिशा शिकवायला अख्खी तासिका कशाला, सुलेखाबाई? अर्धी पुरे! उरलेल्या अर्ध्या तासिकेत मुलांना एखादे सुभाषित सांगतो, म्हणजे वेळ वाया जायचा नाही!”

कडुबा गुरुजींनी हे वाक्य उच्चारले तेव्हा त्यांच्या मुखावर दिग्विजयाला निघालेल्या राजाचे तेज होते. असणारच! सिल्लोडकडच्या एका शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या या गृहस्थाने पैठणच्या पाठशाळेत राहून संस्कृत आत्मसात केले आणि पुढे तीन तपे शहरातल्या हायस्कुलात ते शिकवले. आठही दिशांचे दिक्पाल त्यांना वाहनांसह मुखोद्गत होते. पूर्वेचा इंद्र, दक्षिणेचा यम, कोणाचा हत्ती, कोणाचा रेडा, हे ते झोपेतही सांगत. आणि त्यांच्या पत्नी भामाबाईंच्या म्हणण्याप्रमाणे खरोखरच झोपेत सांगत! अशा पुरुषाला तिसरीच्या मुलांना चार दिशा शिकवायला सांगणे म्हणजे गरुडाला चिमणीएवढे उडून दाखव म्हणण्यासारखेच होते.

सुलेखाबाई या क्रांती चौकाजवळच्या एका लहानशा शाळेच्या मुख्याध्यापिका आणि गुरुजींच्या एकेकाळच्या विद्यार्थिनी. तिसरीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, तेव्हा त्यांना आपल्या गुरुजींचे स्मरण झाले. निवृत्तीनंतर भामाबाईंच्या भाजी निवडण्यावर भाष्य करणे एवढाच गुरुजींचा उद्योग उरला होता. त्यामुळे शाळेचे बोलावणे आले तेव्हा गुरुजींपेक्षा भामाबाईंनाच अधिक आनंद झाला. शिवाय त्याच वर्गात गुरुजींचा नातू होता, त्यांची कन्या सोनिया हिचा मुलगा शिवराज.

“गुरुजी, पुस्तकात कृती दिलीय,” सुलेखाबाई अदबीने म्हणाल्या. “मुलांना उगवत्या सूर्याकडं तोंड करून उभं करायचं. समोर पूर्व, पाठीमागं पश्चिम, डाव्या हाताला उत्तर, उजव्या हाताला दक्षिण. पण आठवडा झाला, सूर्याचा पत्ता नाय!”

ते खरेच होते. श्रावणातले आभाळ असे भरून राहिले होते, की सूर्य कोणत्या बाजूने उगवतो याविषयी कोंबड्यांतही दोन तट पडले असावेत. पण गुरुजी डगमगले नाहीत.

“सूर्य नसेना! मी आहे ना!”

पुढे जो अनर्थ ओढवला, त्याचे मूळ या तीन शब्दांत आहे.

गुरुजी वर्गात गेले, फळ्यासमोर उभे राहिले आणि खाकरले. दैवयोग असा, की फळ्याची भिंत खरोखर पूर्वेचीच होती.

“बालकांनो, सूर्यनारायण सध्या रजेवर आहेत. त्यांचा कार्यभार तूर्त माझ्याकडे आहे. मी कोण?”

“गुरुजीऽऽ!”

“छे! मी सूर्य! मी कोण?”

“सूर्यऽऽ!”

“उत्तम! सूर्याकडे तोंड करून उभे राहा. बोट दाखवा. समोर काय?”

“पूर्वऽऽ!”

“पाठीमागे?”

“पश्चिमऽऽ!”

सारा वर्ग डावा हात करून उत्तर आणि उजवा करून दक्षिण दाखवू लागला. गुरुजी तिथेच, फळ्यासमोर, खांबासारखे उभे राहिले असते, तर सांगण्यासारखे पुढे काही घडलेच नसते. पण तीन तपांत त्यांनी एका जागी उभे राहून कधी शिकवले नव्हते. तोंड सुरू झाले की पाय सुरू होत. मागच्या बाकांवर डुलक्या लागू नयेत म्हणून ऐन तारुण्यात घेतलेले हे व्रत आता त्यांच्या अंगात मुरले होते. सूर्य निघाला! फळ्यापासून खिडकीकडे, खिडकीपासून मागच्या भिंतीकडे, आणि तिथून दरवाजाकडे! आणि मुले? सूर्यफुलांच्या शेताने लाजावे अशी ती गुरुजींबरोबर फिरत राहिली.

“समोर काय?” गुरुजींनी मागच्या भिंतीपाशी उभे राहून विचारले.

“पूर्वऽऽ!” सगळी बोटे त्यांच्यावर रोखलेली.

“समोर काय?” गुरुजींनी दरवाजापाशी विचारले.

“पूर्वऽऽ!”

“गुरुजी, मला गरगरायलंय!” ऋतुराज नावाचा एक गुबगुबीत मुलगा बाक धरत म्हणाला.

“पृथ्वीसुद्धा फिरते, बाळ. तिने कधी तक्रार केली का? पुन्हा सांगा, समोर काय?”

एवढ्यात पहिल्या बाकावरच्या श्रेयाने हात वर केला. ही मुलगी शंका विचारण्यासाठीच जन्माला आली होती.

“गुरुजी, तुम्ही वर्गाच्या बाहेर गेलात तर?”

आपण जाणार या विचाराने लेकरू कासावीस झाले, असे गुरुजींना वाटले. त्यांचे अंतःकरण भरून आले. ते प्रेमाने म्हणाले, “मी कुठेही गेलो, तरी मी जिकडे तिकडे पूर्व! हे जन्मभर विसरू नका!”

त्यांनी हे कौतुकाने म्हटले. मुलांनी वेदवाक्य म्हणून घेतले.

सुलेखाबाई व्हरांड्यातून जाता जाता दारात थबकल्या. सारा वर्ग एकाच दिशेने बोट करून उभा होता. एक बोट इकडे नाही, एक बोट तिकडे नाही!

“गुरुजी! एकाच तासात? बाईंनी दोन आठवडे शिकवलं, तर अर्धी पोरं छताकडं बोट दाखवत होती!”

“अर्ध्या तासात,” गुरुजींनी दुरुस्ती केली.

पुढचे काही दिवस गुरुजी जमिनीपासून चार अंगुळे वरून चालत होते. मुलांच्या वागण्यात त्यांना काही विलक्षण गोष्टी दिसत होत्या, पण त्यांचा अर्थ त्यांनी आपल्या परीने लावला. श्रेयाची आई शाळा सुटताना भेटली आणि म्हणाली, “गुरुजी, तुमचं घर कोणत्या बाजूला हाय हो? आमची श्रेया जेवायला बसायच्या आधी रोज विचारती, आन मग ताट फिरवून बसती!” गुरुजींचे डोळे पाणावले. आजच्या काळात गुरूच्या घराला वंदन केल्यावाचून अन्न न घेणारी शिष्या! चित्रकलेच्या तासाला ऋतुराजने दोन डोंगरांमधून उगवणारा सूर्य काढला. त्याला चष्मा होता आणि टोपी होती. गुरुजींनी ते चित्र घरी नेऊन भामाबाईंना दाखवले. सार्थक नावाच्या मुलाने तर त्यांना जिन्यात गाठून विचारले, “गुरुजी, तुम्ही आज रात्री घरीच हाय ना?”

“हो रे. का?”

“नाय, पूर्वेला डोकं करून झोपावं म्हणती आमची आजी. म्हणून इचारलं.”

प्रश्नाचा आणि आजीचा संबंध गुरुजींना कळला नाही.  पण भक्तीत संगती शोधू नये, असे मनाशी म्हणून ते पुढे गेले.

आता काकासाहेबांची ओळख करून दिली पाहिजे, कारण प्रकरण त्यांच्या हाती जायचे आहे.

काकासाहेब हे सोनियाचे सासरे, म्हणजे गुरुजींचे व्याही. कन्नड तालुक्यातले मोठे बागायतदार. आवाज असा, की मोबाईल हातात नसता तरी कन्नडहून इथे ऐकू आला असता. सोनिया आणि जावई आकाश यांचे नवे घर चिकलठाण्याच्या पुढे उभे राहत होते. भिंती चढल्या होत्या आणि दाराची चौकट बसवायची होती. आकाश कंपनीच्या कामाने पुण्याला गेला होता, म्हणून तो विधी काकासाहेबांनी अंगावर घेतला. आपल्याकडे चौकट बसवणे म्हणजे नुसते सुतारकाम नव्हे. हळद-कुंकू लावायचे, आंब्याची पाने बांधायची, सवाष्णींनी ओवाळायचे, आणि मुहूर्ताच्या क्षणी चौकट उभी करायची. “चौकट चुकली की घर चुकलं!” हा काकासाहेबांचा सिद्धांत होता. दार पूर्वेलाच हवे, हा त्याचा पहिला उपसिद्धांत. चौकटीसाठी त्यांनी आपल्या मळ्यातला साग तोडला होता. चौघांनी उचलावी अशी ती चौकट होती. भटजी मात्र त्यांनी बोलावले नव्हते. “आपले पाव्हणं देवाशी देवाच्याच भाषेत बोलत्यात. दुसरा भटजी कशाला?” त्यामुळे मंत्र गुरुजींनीच म्हणायचे, हे ठरले होते.

काकासाहेबांना मात्र एक व्याधी होती. गावात डोळे बांधून सोडले तरी ते दिशा सांगत. पण शहरात पाऊल टाकले की त्यांची दिशा फिरे. पूर्व पश्चिमेसारखी वाटे, पश्चिम पूर्वेसारखी. हे ते स्वतःच सर्वांना सांगत असत, मधुमेह असल्यासारखे.

मुहूर्त रविवारी सकाळचा होता. शनिवारी संध्याकाळी गुरुजी चहा घेत असताना काकासाहेबांचा फोन आला.

“गुरुजी, वाचलो! तुमच्या इद्येनं वाचलो!”

“काय झाले, काकासाहेब?”

“चौकट घेऊन आलो टेम्पोतून, उतरलो, आन बघतो तर दार पश्चिमेला! म्हणलं, माझी दिशा फिरली असंल. म्हणून शिवराजला इचारलं, पूर्व कुठं हाय रे? पोरगं एक क्षण थांबलं नाय! रस्त्याच्या उलट्या अंगाला बोट दावलं! म्हणलं, कशावरून? तर म्हणतो, आबांनी शिकवलंय. मग काय! सांडू मिस्त्रीला लावलं कामाला! उद्या या, बघा!”

“पण रस्ता तर...” गुरुजी म्हणाले, तोवर फोन बंद झाला होता.

गुरुजींनी फोन खाली ठेवला. ते घर रस्त्याच्या बाजूने पूर्वाभिमुख आहे, अशी त्यांची आजवरची समजूत होती. आता पूर्व उलट्या बाजूला निघाली! पण मग त्यांना वाटले, आपण तिथे एकदोनदाच गेलो, तेही ढगाळ दिवसात. शिष्याने गुरूचा पराभव करावा, यासारखे गुरूचे दुसरे भाग्य नाही, असे शास्त्र सांगते. आणि हा तर शिष्यही आणि नातूही!

“भामे,” ते म्हणाले, “शिवराजने आज माझी दिशा सुधारली.”

“मग चांगलंच की. मला तर ते कधी जमलं नाय,” भामाबाई म्हणाल्या आणि कपबशी उचलून घेऊन गेल्या.

रविवारी सकाळी गुरुजी आणि भामाबाई रिक्षातून उतरले. आभाळ तसेच होते. घरासमोर ओल्या प्लास्टिकखाली ती अवाढव्य चौकट हळद-कुंकू लावून भिंतीला टेकवून ठेवली होती. आणि जिथे दाराची जागा मोकळी होती तिथे विटांची नवी भिंत उभी होती! अजून ओली!

“अगं बाई! दार कुठं गेलं?” भामाबाई म्हणाल्या.

“घराला दोन तोंडं नसावी, म्हणून बुजवलं!” काकासाहेब हात जोडून पुढे आले. “या, या! हिकडून, सैपाकघराच्या दारानं या. आता बघा तुमच्या इद्येचा प्रताप!”

ते दोघे एका चिंचोळ्या दारातून आत गेले. घराच्या मागच्या भिंतीला एक मोठे भगदाड पाडलेले होते. गुरुजींनी मोठ्या श्रद्धेने त्यातून बाहेर पाहिले. बाहेर शेजाऱ्याच्या कंपाउंडची भिंत होती. हात लांब केला असता तर तिच्यावरचे शेवाळ बोटाला लागले असते. दोन्ही भिंतींच्या मधून जाताना एका मांजराने पोट आत घेतले.

सोनिया कोपऱ्यात उभी होती. शनिवारी तिची दवाखान्यात ड्यूटी होती. सकाळी येऊन पाहते तो हा चमत्कार!

“बाबा,” ती कुजबुजली, “मला या घरात राहायचंय हो! दार उघडलं की भिंत! पाव्हणे काय गच्चीवरून उतरणार? मामांना मी फोनवर दिशा दाखवली, तर ऐकत नाहीत. तुमचं एकच वाक्य हवंय. तुम्ही म्हणाल ते ते ऐकतात.”

सासऱ्यांना ती मामा म्हणत असे. मामांनी ते ऐकले.

“फोनचं नको सांगू, सोनिया! मागच्या खेपंला तुझ्या फोननं आमची जीप सिल्लोडला न्यायची ती मक्याच्या वावरात नेली! फोनपेक्षा गुरुजींची शाळा खरी. आन शाळा ही काय, हितंच हाय!”

शाळा खरोखरच तिथे होती. शिवराजचे मित्र म्हणून श्रेया, ऋतुराज आणि सार्थक जेवायला आले होते. गुरुजींचे मन सोनियाच्या चेहऱ्याने हलले होते, आणि त्यात प्रथमच एक शंका डोकावली होती.

“शिवराज, इकडे ये बाळ. पूर्व कुठे?”

“ही काय!” शिवराजने थेट त्यांच्या पोटाकडे बोट दाखवले.

आपल्या मागची भिंत दाखवतो आहे, असे समजून गुरुजी बाजूला झाले. बोटही बाजूला झाले. गुरुजी खिडकीपाशी गेले. बोट खिडकीपाशी आले. आता चारी मुलांची बोटे होती, आणि चारही गुरुजींवर! गुरुजी चटकन वाकले. बोटे वाकली!

त्यांच्या कपाळावर घाम आला. “काल... काल तू उलट्या बाजूला बोट दाखवलेस, ते कसे?”

“आबा, काल तुम्ही घरी होता ना!” शिवराज समजूत घालावी तसे म्हणाला. “घर तिकडं हाय, क्रांती चौकाकडं. म्हणून काल पूर्व तिकडं होती. आज तुम्ही हितं आलात.”

“तुम्हीच म्हणलं होतं,” श्रेयाने पुस्ती जोडली. “जन्मभर विसरू नका म्हणलं होतं.”

गुरुजींना ताट फिरवून बसणारी श्रेया आठवली, चष्म्याचा सूर्य आठवला, सार्थकच्या आजीची उशी आठवली. त्या क्षणी त्यांना पायांखालची जमीन सोडून आठही दिशा फिरल्यासारख्या वाटल्या. पण ते सत्याचे उपासक होते. त्यांनी उपरण्याने कपाळ टिपले आणि व्याह्यांपुढे जाऊन उभे राहिले.

“काकासाहेब, चूक झाली. मुलांची नव्हे, माझी. मी चुकीचे शिकवले. पूर्व रस्त्याकडे आहे.”

काकासाहेबांनी खाली वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

“बघा, बघा! फळं लागलेलं झाड कसं वाकतं! पोराची चूक दिसू नये म्हणून सोताच्या अंगावर घ्यायले!”

“अहो, पोराची चूक नाहीच! मला शिकवता आले नाही!”

“काय हा इनय! तीन तपं शिकवलं, आन म्हणत्यात शिकवता आलं नाय!”

“मी मूर्ख आहे, काकासाहेब!”

“ऐका!” काकासाहेब सगळ्यांकडे वळले. “एवढा मोठा माणूस सोताला काय म्हणतोय, ऐका!”

जसजसे गुरुजी स्वतःला खाली आणू लागले, तसतसे काकासाहेब त्यांना उचलून वर ठेवू लागले. आणखी चार वाक्ये बोलले असते, तर चौकटीऐवजी गुरुजींचीच प्रतिष्ठापना झाली असती! सोनियाने कपाळाला हात लावला.

तेवढ्यात सांडू मिस्त्री आत डोकावला. हा गवंडी मनाने फार शांत होता. कालपासून त्याने एक दार बुजवले होते, एक पाडले होते, आणि चेहऱ्यावर एक रेष हलू दिली नव्हती.

“मुहूर्त जवळ आला म्हणत्यात. चौकट आणायची का मागं?”

“आणा!” काकासाहेब गरजले.

चार माणसांनी चौकट खांद्यावर घेतली आणि घराला वळसा घालून मागच्या बोळाकडे निघाली. बोळाच्या तोंडाशी येताच चौकट थांबली. माणसे थांबली. आतून काकासाहेबांनी भगदाडातून मान बाहेर काढली.

“काय झालं?”

“मावंना.”

“तिरकी करा!”

“तिरकी बी मावंना.”

“उभी करा!”

“उभीच हाय, दादा. आडवी मावंना, उभी मावंना. मांजर असती तर मावली असती.”

“मग घरातनं आणा!”

सांडू मिस्त्रीने खांदा बदलला. “घरातनं कुठनं? सैपाकघराच्या दारात ही शिरत नाय, आन म्होरचं दार तुम्हीच बुजवलंय.”

काकासाहेबांनी मान आत घेतली. एवढ्यात भामाबाई घड्याळ पाहून म्हणाल्या, “मुहूर्त निघून चालला हो!”

“फोडा!” काकासाहेबांनी आज्ञा केली. “म्होरलं फोडा, आन आतनं न्या!”

ओल्या विटा पडायला कितीसा वेळ लागतो? पहारीच्या चार घावांत काल संध्याकाळची भिंत पायरीवर आडवी झाली. चौकट पुन्हा पुढे आली. चौघे तिला घेऊन मोकळ्या झालेल्या जागेत शिरले, आणि बरोबर मधोमध आले तेव्हा तिचे दोन्ही खांब त्या जागेत अगदी चपखल बसले; काही झाले तरी ती जागा तिच्यासाठीच मोजून ठेवलेली होती!

“थांबा!” गुरुजी ओरडले. “तिथेच टेकवा! मुहूर्ताची वेळ भरत आली. मागे नेईपर्यंत टळेल!”

“हितं?” काकासाहेबांचा आवाज चिरकला. “हे पश्चिमंचं दार हाय, गुरुजी!”

“पूर्वेचे आहे!”

“तुम्ही नातवासाठी म्हणताय! मला पोरांकडनं ऐकू द्या! लेकरं खोटं बोलत नाय!”

चौकट चार खांद्यांवर डगडगत होती. भामाबाईंच्या हातात ओवाळणीचे ताट होते. सोनिया वडिलांकडे बघत होती, आणि त्या नजरेत लहानपणी परीक्षेचा निकाल घेऊन आल्यावर असायचे तसे काहीतरी होते. गुरुजींनी आयुष्यात कधी असत्य आचरले नव्हते. पण इथे असत्य कोणते होते? पूर्व खरोखर तिकडेच होती. फक्त ती मुलांच्या तोंडून वदवायची होती, आणि त्याचा उपाय एकच होता.

गुरुजींनी धोतराचा सोगा खोचला, उचललेल्या चौकटीखालून वाकून बाहेर पडले, विटांचा ढीग ओलांडला, पायरी उतरले, आणि थेट रस्त्याच्या मध्यभागी जाऊन दाराकडे तोंड करून उभे राहिले.

“काकासाहेब!” त्यांनी तिथून हाक दिली. “आता विचारा!”

“पोरांनो! पूर्व कुठं हाय?”

घरातून चार बोटे चौकटीच्या पोकळीतून सरळ रस्त्याकडे रोखली गेली.

“तिकडंऽऽ!”

काकासाहेबांनी बोटांकडे पाहिले, रस्त्याकडे पाहिले, मग स्वतःच्या डोक्याला हात लावला.

“पण काल तर तू मागं दावली होती!”

“काल येगळं होतं, दादा,” शिवराज म्हणाला. “काल पूर्व मागं होती.”

सोनियाने डोळे मिटून घेतले. आता सगळे फुटणार! पण काकासाहेबांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक अपूर्व समाधान पसरले. कित्येक वर्षे जे ते सांगत होते आणि ज्याला सगळे हसत होते, त्याला आज साक्षीदार मिळाला होता!

“म्हणजे फिरली!” ते म्हणाले. “फिरली का नाय? मी काय सांगत होतो? या शहरात दिशा फिरतीच! रात्रीतनं फिरली! सांडू, टेकव चौकट! पुन्हा फिरायच्या आत टेकव!”

चौकट टेकली. भामाबाईंनी ओवाळले. गुरुजींनी रस्त्याच्या मध्यातून खणखणीत आवाजात मंत्र म्हटले. मागून एक पाण्याचा टँकर आला आणि त्याने भोंगा वाजवला. गुरुजींनी मंत्र न थांबवता हाताने त्याला बगल देऊन जायला सांगितले.

“काका, रस्त्यात काय करायले?” टँकरवाल्याने विचारले.

“चौकट बसवतो आहे!” गुरुजी म्हणाले, आणि पुढचा मंत्र सुरू केला.

मंत्र संपले, तसे त्यांनी पाय उचलला. लगेच आतून काकासाहेबांचा आवाज आला.

“गुरुजी, थांबा! सिमीट वाळू द्या! दिशा पुन्हा फिरली तर?”

गुरुजी थांबले. घरात पंगतीची पाने मांडली जाऊ लागली. सोनियाने दारातून बाहेर पाहिले, हसू दाबले आणि दोन्ही हात जोडून वडिलांना नमस्कार केला. दार तिला मिळाले होते. रस्ता तिला दिसत होता. रस्त्यावर तिचे वडील दिसत होते.

त्याच वेळी ढग फाटले. गुरुजींच्या बरोबर पाठीमागे, त्यांच्या टोपीच्या वर, कित्येक दिवस न दिसलेला सूर्यनारायण लखलखीत बाहेर आला. सारी चौकट सोन्यासारखी उजळली. पण त्याच्याकडे एकानेही पाहिले नाही. सगळे गुरुजींकडे पाहत होते. आणि गुरुजींची पाठ त्याच्याकडे होती.

भामाबाई पायरीवर आल्या. त्यांनी नवऱ्याला आपादमस्तक न्याहाळले.

“अहो पूर्व!” त्या म्हणाल्या. “पुरणपोळ्या निवायल्या. यायचं का जेवायला?”

पुरणपोळी म्हटल्यावर गुरुजींनी सैपाकघराच्या दाराकडे एक पाऊल टाकले. घरात चार बोटे सरकली. काकासाहेबांनी अशी आरोळी ठोकली, की सांडू मिस्त्रीच्या हातातली थापीसुद्धा खाली पडली.

“गुरुजीऽऽ! हलू नका! दार आग्नेयंला चाललंऽऽ!”

गुरुजींनी पाऊल मागे घेतले, होते तिथेच नीट रोवले, आणि आपली पोळी रस्त्यावर मागवली.